बसेस्तोवर गाव आलं!

वेस्ट्रेवरून उडायचं आणि पापा वेस्ट्रेवर उतरायचं. मध्ये समुद्राची चिंचोळी पट्टी. अंतर २.७ किलोमीटर, वेळापत्रकात लिहिलेला वेळ २ मिनिटं. वाऱ्याने साथ दिली तर दीड मिनिटात काम फत्ते! पट्टा आवळून मान वर करावी, तर समोर दुसऱ्या बेटाची धावपट्टी येऊन ठेपलेली असते.

जगातली सगळ्यात छोटी नियमित विमानफेरी ती हीच. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी नावाचा बेटांचा पुंजका आहे, तिथली. लोगनएअर ही कंपनी १९६७ पासून ती चालवते आहे. सगळ्यात वेगवान फेरीचा विक्रम ५३ सेकंदांचा! तो ज्यांच्या नावावर आहे ते वैमानिक स्ट्यूअर्ट लिंकलेटर २०१३ मध्ये निवृत्त झाले, तोवर त्यांनी हे अंतर १२,००० पेक्षा जास्त वेळा कापलं होतं. मुंबई विमानतळाची मुख्य धावपट्टी साडेतीन किलोमीटरच्या घरात आहे. म्हणजे हा अख्खा विमानप्रवास, उड्डाण आणि उतरण धरून, आपल्या सांताक्रूझच्या एका धावपट्टीत मावतो आणि वर जागा उरते.

नकाशा उघडला की माझी नजर आधी जाते ती समुद्राच्या मधोमध पडलेल्या ठिपक्यांवर. तिथे विमानतळ आहे का, आणि शेजारच्या ठिपक्यावर जायला किती वेळ लागतो, हे शोधण्यात माझ्या कित्येक रात्री गेल्या आहेत. 'किती किलोमीटर' हा प्रश्न मी कधीच सोडून दिला. गावाकडे वाट विचारली तर जुनी माणसं मैल सांगत नाहीत. 'पान खाऊन होईस्तोवर पोचाल' म्हणतात, नाहीतर 'ऊन उतरायच्या आत पोचत नाही बघा' म्हणतात. आडवाटेच्या विमानतळांना हीच भाषा लागू पडते. तिथे अंतर एक सांगतं आणि घड्याळ भलतंच.

दीड कला, दीड मिनिट

आता, एवढ्याशा अंतरासाठी विमान कशाला? कारण ही फेरी एकटी नाही. ऑर्कनीचं मुख्य गाव कर्कवॉल. तिथून विमान निघतं, वेस्ट्रेला टेकतं, पुढे पापा वेस्ट्रेला टेकतं आणि परत कर्कवॉलला येतं. कधी हाच क्रम उलटा. आपली एसटी जशी तालुक्याहून निघून दोन वाड्या घेत परत तालुक्याला लागते, तसंच. जगाला ज्या दोन मिनिटांचं अप्रूप, ती त्या फेरीतल्या दोन थांब्यांमधली वाट आहे.

विमानही एसटीच्या स्वभावाचं. ब्रिटन-नॉर्मन आयलँडर, दोन पंख्यांचं, आठेक प्रवाशांचं. एखाद्याला चक्क वैमानिकाशेजारी बसायला मिळतं. शिक्षक, डॉक्टर, तपासणीला निघालेला पेशंट, टपालाची थैली, सगळे यातूनच. पापा वेस्ट्रेवर शंभराच्या आतबाहेर माणसं राहतात. आणि हे बेट काही कालपरवा वसलेलं नाही. तिथे 'नॅप ऑफ हावर' नावाचं दगडी घर उभं आहे, साडेपाच हजार वर्षांपूर्वीचं! उत्तर युरोपात आज उभ्या असलेल्या सगळ्यात जुन्या दगडी घरांत त्याची गणना होते. पर्यटकांना या उड्डाणाचं प्रमाणपत्र मिळतं. ते जरूर घ्यावं, पण त्या घराच्या दारातून वाकून आत गेल्याशिवाय परतू नये.

एक गंमत मला फार आवडते. विमानाचं अंतर सागरी मैलात मोजतात. सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. हा तिरपागडा आकडा आला कुठून? पृथ्वीच्या गोलाईतून. अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले की एक भाग म्हणजे एक कला. पंचांगात ग्रहांचे अंश-कला-विकला लिहिलेले असतात, तीच ही कला. जमिनीवर एक कला म्हणजे एक सागरी मैल. पृथ्वीची अख्खी प्रदक्षिणा २१,६०० कलांची. त्यातली वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे ही वाट साधारण दीड कलेची, आणि ती कापायला लागतं दीड मिनिट!

तिथी बघून विमान

स्कॉटलंडच्याच पश्चिमेला बॅरा नावाचं बेट आहे. ग्लासगोहून तिथे जायला सव्वा तास लागतो. पण निघायचं कधी, हे समुद्र ठरवतो. कारण बॅराची धावपट्टी म्हणजे समुद्राची पुळण. पुळणीवर तीन धावपट्ट्या त्रिकोणात आखलेल्या आहेत, टोकांना लाकडी खांब रोवलेले. वारा जिकडून असेल त्याप्रमाणे तिघींपैकी एक निवडायची. भरती आली की तिन्ही पाण्याखाली. ओहोटीला ट्विन ऑटर विमान ओल्या वाळूवर उतरतं आणि चाकांमागे पाण्याचे फवारे उडतात.

त्यामुळे वेळापत्रकाला भरती-ओहोटीच्या तक्त्याशी जुळवून घ्यावं लागतं. भरती रोज पाऊण तासाहून थोडी जास्तच पुढे सरकते. कोकणातला जुना दर्यावर्दी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतो. चतुर्थी असेल तर तीनच्या सुमाराला भरती. चंद्राचं तेच गणित तिथे विमानाच्या वेळा हलवतं. विमान नसेल तेव्हा त्याच पुळणीवर लोक शिंपल्या वेचतात. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी फडकू लागली की पुळण रिकामी करायची, एवढा एकच नियम.

मासा आडवा आला

अलास्काच्या आग्नेय भागात पीटर्सबर्ग आणि रँगल ही दोन गावं आहेत. दोन्ही बेटांवर, मध्ये रस्ता नाही. अंतर ५० किलोमीटर, आणि तेवढ्यासाठी येतं चक्क बोइंग ७३७! ताशी आठशे किलोमीटरने जाणाऱ्या या जेटला इथे धड उंची गाठायलाही सवड मिळत नाही. दहाएक मिनिटांत वर जाऊन खाली. जगातल्या सगळ्यात छोट्या जेट-फेऱ्यांमध्ये हिचं नाव पहिल्या पंगतीत असतं. हेच अंतर बोटीने तीन तासांचं.

वेळापत्रक कशाकशाने बिघडावं? याच भागात ३० मार्च १९८७ ला राजधानी जूनोहून याकुटाटला निघालेल्या विमानाने नुकतंच उड्डाण केलं होतं. समोरून एक गरुड पंजात मासा धरून चालला होता. विमान बघून गरुड बिचकला, मासा सुटला आणि थेट विमानाच्या पुढच्या भागावर, वैमानिकाच्या खिडकीच्या वर आदळला. याकुटाटला उतरल्यावर तपासणी झाली. नुकसान काही नाही, पण पुढच्या प्रवासाला तासाभराचा उशीर. पक्षी धडकल्याच्या नोंदी विमानवाल्यांकडे ढिगाने असतात. हवेत मासा धडकल्याची ही नोंद मात्र लाखात एक.

जाता जाता नॉर्वेचं सांगतो. उत्तर टोकाला किर्केनेस आणि वाडसो ही गावं एका खाडीच्या दोन बाजूंना आहेत. विमानाने पाव तास. गाडीने खाडीला वळसा घालायचा तर १७० किलोमीटर. रायगड-रत्नागिरीतल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. पलीकडचं गाव दिसत असतं आणि रस्ता मात्र खाडीच्या शेंड्यापर्यंत फिरवून आणतो.

शनिवारी निघा, शुक्रवारी पोचा

पॅसिफिकमध्ये सामोआ नावाचा स्वतंत्र देश आहे आणि त्याच्या शेजारी अमेरिकेच्या ताब्यातला अमेरिकन सामोआ. दोन्हीकडची माणसं एका रक्ताची, एका भाषेची. बेटांमधलं अंतर सव्वाशे-दीडशे किलोमीटर, म्हणजे मुंबई-पुण्याएवढं. छोट्या विमानाने पाऊण तासाच्या आत पोचता येतं. फक्त, सामोआतून शनिवारी सकाळी दहाला निघालात तर पलीकडे उतरता तेव्हा शुक्रवार असतो. पावणेअकरा वाजलेले, पण आदल्या दिवशीचे!

कारण दोघांच्या मधून जाणारी वाररेषा. सामोआचं घड्याळ ग्रीनिचच्या १३ तास पुढे, अमेरिकन सामोआचं ११ तास मागे. फरक बरोबर २४ तासांचा. त्यामुळे घड्याळाचे काटे हलवायचेच नाहीत, फक्त तारीख बदलायची. मला हे फार सुरेख वाटतं. सूर्य दोघांना एकाच वेळी दिसतो, जेवणाची वेळ एकच, चर्चची घंटा एकाच वेळी वाजते, फक्त वार वेगळा. मामाकडे वाढदिवस साजरा करून विमानात बसलं, तर आत्याकडे तोच वाढदिवस दुसऱ्यांदा करता येतो.

हे कायम असंच नव्हतं. १८९२ मध्ये सामोआने अमेरिकेशी व्यापार सोयीचा व्हावा म्हणून तिकडची तारीख घेतली, तेव्हा ४ जुलै हा दिवस दोनदा उगवला. मग व्यापार ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडे वळला. तिकडे सोमवारी कचेऱ्या उघडायच्या तेव्हा इथे रविवार. आठवड्यातले दोन-दोन दिवस वाया. शेवटी २०११ च्या डिसेंबरमध्ये देशाने पुन्हा उडी मारली. गुरुवारी २९ तारखेला झोपलेले लोक उठले ते शनिवारी, ३१ तारखेला. ३० डिसेंबर २०११ हा शुक्रवार सामोआच्या इतिहासात नाहीच.

याच सामोआत २०१३ मध्ये एका छोट्या विमान कंपनीने तिकीट माणसाच्या वजनावर लावलं. जितके किलो, तितके पैसे. प्रवासी आणि त्याचं सामान मिळून एकच आकडा. जगभर चर्चा झाली. पण छोट्या विमानाच्या वैमानिकाला ते नवं नव्हतं. आठ-दहा माणसांच्या विमानात कोण पुढे बसतो नि कोण मागे, यावर तोल ठरतो. नावेत चढताना तांडेल जसा माणसं दोन्ही अंगांना वाटून बसवतो, तेच इथे.

पाच थांब्यांचा महासागर

होनोलुलू ते ग्वाम हे अंतर सुमारे ६,१०० किलोमीटर. सरळ विमान सात-आठ तासांत पोचवतं. पण युनायटेड एअरलाइन्सची एक फेरी तेच अंतर पंधराएक तासांत कापते आणि लोक ती मुद्दाम निवडतात. तिचं नाव 'आयलँड हॉपर'. माजुरो, क्वाजालेन, कोसरे, पोनपे, चूक असे थांबे घेत ती जाते. मराठी कानाला शेवटचं नाव गमतीचं वाटेल, पण त्या निळ्याशार खाजणाच्या तळाशी दुसऱ्या महायुद्धात बुडालेली जपानी जहाजं पडली आहेत आणि ती बघायला जगभरातून पाणबुडे येतात.

सेवा १९६८ मध्ये सुरू झाली तेव्हा काही बेटांवर धावपट्टी म्हणजे कुटलेलं प्रवाळ. उडणाऱ्या खड्यांनी विमानाचं पोट खरचटू नये म्हणून त्याला टेफ्लॉनचा लेप दिला होता, आपल्या डोशाच्या तव्याला असतो तोच! आजही विमानात एक मेकॅनिक सोबत असतो, कारण कोसरेला काही बिघडलं तर मदत मागवायची कुठून? क्वाजालेन हा अमेरिकी लष्कराचा तळ. तिथे साध्या प्रवाशाने खाली उतरायचं नाही आणि फोटोही काढायचा नाही. खिडकीतून नारळाची झाडं बघायची, बस्स.

आणि वाटेत वाररेषाही ओलांडली जाते. सोमवारी सकाळी होनोलुलूहून निघालेला माणूस पहिल्याच थांब्यावर मंगळवारात उतरतो.

पुढचं उतरलं का?

चिलीच्या किनाऱ्यापासून सुमारे ३,५०० किलोमीटरवर ईस्टर बेट आहे, स्थानिकांचं रापा नुई. प्रचंड दगडी पुतळ्यांचं हे बेट जगाला माहीत आहे. तिथल्या माटावेरी विमानतळाची गोष्ट मात्र कमी ठाऊक. सगळ्यात जवळची मनुष्यवस्ती म्हणजे पिटकेर्न बेट, दोन हजार किलोमीटरवर, आणि तिथे विमानतळ नाही. धावपट्टी एकच. मग एक विमान उतरताना पट्टीवरच अडकून पडलं आणि मागोमाग दुसरं येत असलं तर? दुसरीकडे उतरायला जागाच नाही. म्हणून नियम असा की पुढचं विमान सुखरूप उतरल्याचा निरोप मिळेपर्यंत मागच्याने परतीचा टप्पा ओलांडायचा नाही. 'परतीचा टप्पा' म्हणजे आकाशातली ती शेवटची जागा, जिथून माघारी फिरायला पुरेल एवढं इंधन अजून टाकीत असतं.

सँतियागोहून जाताना साडेपाच तास लागतात आणि येताना पाचाच्या आत. वाट तीच, पण पश्चिमेकडून वाहणारा वरचा वारा जाताना छातीवर असतो आणि येताना पाठीशी. एवढ्याशा बेटाला ३.३ किलोमीटरची लांबलचक धावपट्टी कशी, याचं उत्तर अंतराळात आहे. कॅलिफोर्नियातून उडणार असलेल्या स्पेस शटलवर संकट आलंच तर उतरायला जागा हवी, म्हणून नासाच्या खर्चाने १९८७ मध्ये ती वाढवली. शटल तिथे कधी उतरलं नाही. पट्टी बेटाच्या कामी आली.

महिन्यातून एकदा, दोन तास

नेपोलियनला जिथे डांबलं, ते सेंट हेलेना. १८२१ मध्ये तो तिथेच गेला. इंग्रजांनी जागा किती विचारपूर्वक निवडली होती, ते पुढच्या दोनशे वर्षांनीही दाखवून दिलं. २०१७ पर्यंत तिथे जायचं तर केपटाउनहून आरएमएस सेंट हेलेना हे टपालजहाज, पाच रात्रींचा प्रवास. बेटावरचे चारेक हजार लोक जहाजाची वाट बघायचे. नवी नवरी, नवी औषधं, नवी बटाट्याची पोती, सगळं त्याच जहाजातून.

मग ब्रिटिश सरकारने २८ कोटी ५० लाख पौंड खर्चून विमानतळ बांधला. सपाट जागा नव्हती, म्हणून एक अख्खी दरी भरून काढली. आणि २०१६ मध्ये चाचणीचं विमान आलं, तेव्हा कळलं की कड्यावरून उलटसुलट उतरणारा वारा ऐन उतरताना विमानाला हिसके देतो. उद्घाटन लांबलं. चार्ल्स डार्विन १८३६ मध्ये या बेटावर आला होता, त्यालाही इथल्या कड्यावरच्या वाऱ्याने चकवलं होतं आणि त्याने ते लिहून ठेवलं होतं. शेवटी छोटं एम्ब्रेअर जेट निवडलं, ९९ आसनांपैकी ७६ च भरायची असं ठरवलं आणि १४ ऑक्टोबर २०१७ ला जोहान्सबर्गहून पहिली नियमित फेरी उतरली. पाच रात्रींचे पाच-सहा तास झाले.

आता खरी गंमत. सेंट हेलेनाहून असेन्शन बेट सुमारे १,३०० किलोमीटर. जेटने दोन तास. दोन दुर्गम विमानतळांमध्ये यापेक्षा सोपा प्रवास काय असणार? पण ही फेरी २०१७ मध्ये सुरू झाली तीच मुळी महिन्यातून एकदा अशी. विमान चुकलं तर दोन तासांच्या प्रवासाला महिना आणि दोन तास! असेन्शनच्या विमानतळाचं नाव 'वाइडअवेक', म्हणजे टक्क जागा. तिथे हजारोंनी घरटी करणाऱ्या सुरय पक्ष्यांचं हे टोपणनाव. रात्रंदिवस त्यांचा कलकलाट चालतो, झोपूच देत नाहीत.

ज्याला याहूनही लांब जायचंय, त्याने सेंट हेलेनाहून दक्षिणेला २,४०० किलोमीटरवरचं ट्रिस्टन दा कुन्हा नकाशात शोधावं. अडीचशेच्या आत वस्ती, विमानतळ नाही. केपटाउनहून बोटीने आठवडा.

'रस्ता होणार नाही' म्हणाले

कॅरिबियन समुद्रातलं साबा बेट म्हणजे पाण्यातून सरळ वर आलेला डोंगर, क्षेत्रफळ १३ चौरस किलोमीटर. शेजारच्या सेंट मार्टिनहून विमानाने १२ ते १५ मिनिटं. धावपट्टी जेमतेम ४०० मीटर, दोन्ही टोकांना कडा आणि खाली समुद्र. नियमित प्रवासी विमानं उतरणारी ही जगातली सगळ्यात आखूड धावपट्टी.

तिच्या आधी रस्त्याची कथा सांगायला हवी. तज्ज्ञ इंजिनिअर येऊन गेले आणि म्हणाले, या डोंगरावर रस्ता अशक्य. तेव्हा जोसेफस लँबर्ट हॅसेल या बेटावरच्याच गृहस्थाने पत्राद्वारे शिकवल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमातून बांधकामाचं शिक्षण घेतलं आणि गावकऱ्यांना घेऊन हाताने रस्ता बांधायला काढला. १९३८ मध्ये सुरुवात, पुरा व्हायला वीस वर्षं. तिथे त्याला आजही नुसतं 'द रोड' म्हणतात. पुढे विमानाची वेळ आली तेव्हा त्याच लोकांनी बेटावरचा एकमेव सपाट तुकडा दगड उचलून मोकळा केला आणि १९५९ मध्ये रेमी द हेनेन या वैमानिकाने तिथे विमान टेकवून दाखवलं. १९६३ मध्ये रीतसर विमानतळ झाला. डोंगर फोडून रस्ता काढणाऱ्या दशरथ मांझींवर जीव असलेल्या आपल्या लोकांना हॅसेल आपलाच माणूस वाटेल.

रामेछापची पहाट

आता अशा ठिकाणी येऊ, जिथे मराठी बोलणं हमखास कानावर पडतं. एव्हरेस्टच्या पायथ्याला जाणारे पुण्या-मुंबईचे, नाशिक-कोल्हापूरचे ट्रेकर लुक्लाला उतरतात. काठमांडूहून विमानाने अर्धा तास. पण गर्दीच्या हंगामात काठमांडूचा विमानतळ तुंबतो, म्हणून लुक्लाची विमानं रामेछाप जिल्ह्यातल्या मंथलीहून सोडतात. तिथून लुक्ला १५-२० मिनिटं. आणि काठमांडूहून मंथलीला पोचायला? गाडीने चार-पाच तास, तेही रात्री एक-दोनला निघून!

ती पहाट मी अनुभवली आहे. नदीकाठचं गाव, अंधारात ओळीने उभ्या गाड्या, टपरीवर उकळणारा चहा. तराजूपुढे रांग. माणशी १५ किलो, १० पोटात आणि ५ हातात. पाठीवरच्या सॅकमधून चिवड्याचं पाकीट काढून जॅकेटच्या खिशात जातं, लाडवाचा डबा दोन मैत्रिणींत वाटला जातो, जाड बूट पायात चढतात आणि चपला सॅकमध्ये. वजन लिहिणारा मुलगा सगळं बघत असतो आणि काही न बोलता आकडा लिहितो. पहिला उजेड फुटतो तशी सगळ्यांची मान उत्तरेकडे वळते. डोंगर दिसले की विमान जाणार. ढग दिसले की बसा.

सगळी घाई सकाळची, कारण दुपारनंतर लुक्लाला वारा आणि ढग ठाण मांडतात. विमान येतं, माणसं उतरतात, माणसं चढतात, पंखे पुरते थांबायच्या आत परत निघतं. मंथली पावणेपाचशे मीटर उंचीवर, लुक्ला २,८४५ मीटरवर. म्हणजे त्या १५-२० मिनिटांत आपण जवळजवळ दीड कळसूबाई चढतो. मग डोंगराच्या कडेला चिकटवल्यासारखी एक छोटी काळी पट्टी दिसते. ५२७ मीटर लांब, आणि सपाट नाही, चक्क चढ! खालचं टोक आणि वरचं टोक यांच्यात साठ मीटरचा फरक आहे, वीस मजली इमारतीएवढा. चढावर उतरायचं म्हणजे वेग आपोआप मरतो. उताराने निघायचं म्हणजे वेग आपोआप येतो. वरच्या टोकाला भिंत आणि मागे डोंगर, त्यामुळे 'जमलं नाही, पुन्हा एक चक्कर मारू' ही सोय नाही. चाकं टेकली की विमानात टाळ्या पडतात, आणि त्यात 'गणपती बाप्पा मोरया' मी स्वतः ऐकलंय.

ही पट्टी एडमंड हिलरीने १९६४ मध्ये बांधवून घेतली. खुंबू भागातल्या शेरपांसाठी शाळा आणि दवाखाने उभारायचे होते आणि सामान माणसांच्या पाठीवरून यायला फार दिवस लागत होते. जमीन शेरपांकडून २,६५० डॉलरला घेतली. माती मऊ होती, रोलर आणणार कुठून? हिलरीने गावची दारू विकत घेतली, शेरपांना पाजली आणि पाय आपटत नाचायचा त्यांचा नाच मांडायला सांगितला. नाचून नाचून जमीन घट्ट झाली! डांबर तिच्यावर पडलं ते थेट २००१ मध्ये.

१९५३ मध्ये हिलरी आणि तेनझिंग यांची एव्हरेस्ट मोहीम काठमांडूच्या खोऱ्यातून निघून त्यांगबोचे मठापर्यंत पायी गेली होती, सतरा दिवस. आज जिरी या गावाहून लुक्लाला चालत जाणारे थोडे ट्रेकर उरलेत, त्यांना आठवडा लागतो. आणि हवा बिघडून तीन-चार दिवस लुक्लात अडकलेला माणूस विचारा. त्याच्या लेखी ते पंधरा मिनिटांचं अंतर चार दिवसांचं झालेलं असतं. चहाच्या दुकानात पत्ते कुटत, दर तासाला बाहेर येऊन आभाळ बघत.

गोव्याहून दक्षिणेला

दुर्गम अंतराचा एक धागा गोव्यातून निघतो. वास्कोच्या हेडलँड सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. भारताच्या अंटार्क्टिका मोहिमा तिथून आखल्या जातात. पहिली मोहीम ६ डिसेंबर १९८१ ला गोव्याहूनच निघाली, 'पोलर सर्कल' या भाड्याच्या नॉर्वेजियन जहाजाने. डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जण होते. बर्फावर पाय ठेवला तो ९ जानेवारी १९८२ ला. चौतीस दिवस! २१ फेब्रुवारीला परत गोव्यात.

आता संशोधक केपटाउनला जातात आणि तिथून इल्युशिन ७६ या भल्यामोठ्या रशियन मालवाहू विमानाने सुमारे ४,२०० किलोमीटर दक्षिणेला, सहा तासांच्या आत. उतरायचं निळ्या बर्फावर. वर्षानुवर्षं दाबून दाबून आतली हवा निघून गेलेला हा बर्फ इतका कठीण असतो, की चाकांचं जड विमान त्यावर थेट उतरतं. केपटाउनला टी-शर्टमध्ये चढलेली माणसं वाटेत एकेक थर चढवत जातात. दार उघडतं तेव्हा अंगावर सगळं असायला हवं.

त्या धावपट्टीपासून आपलं 'मैत्री' केंद्र जवळ आहे. १९८९ पासून तिथे माणसं राहतात. आपलं दुसरं केंद्र 'भारती', २०१२ चं. दोन्ही एकाच खंडाच्या काठावर, दोन्हीवर तिरंगा, दोन्हीकडे रविवारी पुरी-भाजी होऊ शकते. मध्ये सुमारे ३,००० किलोमीटर. कन्याकुमारीहून लेहला हवेतून जितकं अंतर, जवळपास तितकं, आणि वाटेत एकही गाव नाही.